शेपटी नसलेलं शर्यतीचं विमान कुणी खरंच बनवलं होतं का?

हो, फ्रान्समध्ये. रने आर्नू यांचं सिम्प्लेक्स-आर्नू, १९२२ च्या डॉइच चषक या हवाई शर्यतीसाठी. मागची आडवी शेपटी नाहीच; उभं सुकाणू तेवढं ठेवलेलं. वजन घटेल, हवेचा अडथळा कमी होईल, हा हिशोब. नाक वर-खाली करणं आणि कुशीवर कलणं, दोन्ही कामं पंखाच्या मागच्या कडेवरच्या हलत्या पट्ट्यांकडे. पण त्या पट्ट्या गुरुत्वमध्याच्या, म्हणजे विमानाचा तोल जिथे साधतो त्या बिंदूच्या जवळ, म्हणून तरफ आखूड आणि विमान सांभाळायला अवघड. त्यात रेडिएटरचं पिंप वैमानिकाच्या नाकासमोर! पुढचं दिसणार काय, कपाळ? पहिल्या महायुद्धात ४१ हवाई विजय नोंदवलेला जॉर्ज मादों चाचणीत कोसळला. तो बचावला, पण विमान शर्यतीला पोचलंच नाही.