हेतू दिसत नाही, पाठ दिसते

प्रिय पोरी,

सप्रेम जय भीम.

तुझा मेसेज दोनदा वाचला. कोलंबोचं तिकीट काढलंस, दंडावर बुद्धाचा टॅटू आहे आणि विचारतेस, ‘काका, श्रद्धेनं काढलाय, तर झाकायचा कशाला?’ 2014 साली अशाच टॅटूपायी एका ब्रिटिश बाईला तिथं विमानतळावर अटक करून परत पाठवलं. ती स्वतःला बौद्ध म्हणवणारी होती. 2017 मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल दिला, हेही तूच शोधून काढलंस. शाब्बास. मधली तीन वर्षं मात्र धरली नाहीस. लांब बाहीचा कुर्ता घाल. विषय संपला.

तुझा संपला, माझा संपत नाही.

श्रीलंकेत पोलोन्नारुवाला गल विहार आहे. 12व्या शतकात पराक्रमबाहू राजानं एका कातळात कोरून घेतलेल्या मूर्ती, त्यातली महापरिनिर्वाणाची सुमारे 14 मीटर लांब. समोर गेलो आणि ऊर भरून आला. त्या भरात मूर्तीकडे पाठ करून उभा राहिलो, सोबत्याला म्हटलं, काढ फोटो. फुलं घेऊन आलेली एक पांढऱ्या साडीतली म्हातारी हातानं ‘वळ, वळ’ करत होती. रखवालदारही आला. मी वाद घातला. मी बौद्ध आहे, 1956 ची नागपूरची दीक्षा, बाबासाहेब 1950 ला तुमच्याकडे आले होते, सगळं ऐकवलं. म्हातारीला त्यातलं अक्षर कळलं नाही. तिला माझी पाठ दिसत होती.

खरं सांगू? आजही वाटतं, माझं फार काही चुकलं नव्हतं. आपल्या विहारात मूर्तीपुढे ओळीनं उभं राहून फोटो काढतोच की आपण, अगदी वाढदिवसाचेसुद्धा. कुणी हरकत घेत नाही. पण ते आपलं घर. तिथं हेतू दिसत नाही गं, पाठ दिसते.

अनुराधपुरात तर जास्त सांभाळ. बोधगयेहून संघमित्रेनं नेलेल्या फांदीचा वृक्ष समोर, कानावर आपलंच ‘बुद्धं सरणं गच्छामि’. माणसाला वाटतं, आलो घरी. तिथंच चूक होते. वाहायचं फूल हुंगू नये हे आजीनं शिकवलंय, तिथंही तेच. मूर्तीकडे पाय पसरून बसू नकोस. भिक्खूंना काही देताना स्पर्श होऊ देऊ नकोस. बसमधल्या पुढच्या सीटवरही बसायचं नाही, ती त्यांची. कँडीला दंतधातूच्या, म्हणजे बुद्धाच्या दाताच्या, मंदिरात खांदे-गुडघे झाकलेले हवेत. पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, दारूची दुकानं बंद; त्याचा तुला काय त्रास, तुझ्या मित्रांना सांग.

‘पण माझ्या मनात तसं नव्हतं’ हे वाक्य तिथं उच्चारू नकोस. मी उच्चारलंय, इंग्रजीत, मोठ्या आवाजात.

तो फोटो निघालाच होता. अजून ठेवलाय. मी हसतोय आणि कडेला म्हातारीचा हात आलाय. आलीस की दाखवतो.

चपला बाहेरच काढाव्या लागतात आणि दुपारी दगड तव्यासारखा तापतो. मोजे चालतात. सुती घे, दोन जोड.

तुझा काका