वाचकांचे प्रश्न : वॉफल मऊ का पडतात?

प्रश्न : रविवारच्या न्याहारीसाठी मी विजेच्या यंत्रावर बिनअंड्याचे वॉफल करते. पहिला वॉफल हमखास साच्याला चिकटतो आणि बाकीचे टेबलावर येईपर्यंत मऊ पडतात. पावसाळ्यात तर विचारायलाच नको. काय करावे? शाळेच्या घाईच्या दिवशीही ते करता येतील का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपल्या बहुतेक तक्रारींचे मूळ पाण्यात आहे. पीठ तापलेल्या साच्यात पडले की त्यातील पाण्याची वाफ कडांमधून बाहेर येऊ लागते आणि ती निघून गेल्यावरच वॉफलची बाजू कोरडी, तांबूस व कडक होते. वाफेचा जोर असतानाच झाकण उचलले, तर अर्धा वॉफल झाकणाला व अर्धा खालच्या साच्याला चिकटून मधोमध फाटतो. म्हणून यंत्राच्या दिव्यावर विसंबू नये. वाफ जवळजवळ थांबली आणि झाकण अलगद सुटू लागले, की वॉफल झाला. अडकत असल्यास ओढू नये, आणखी मिनिटभर थांबावे. पहिलाच वॉफल चिकटतो तो बहुधा साचा नीट न तापल्यामुळे. दिवा लागल्यावरही रिकामा साचा चार-पाच मिनिटे तापू द्यावा.

पिठासाठी 200 ग्रॅम मैदा, 50 ग्रॅम कॉर्नफ्लोअर, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, एक मोठा चमचा साखर व चिमूटभर मीठ एकत्र चाळून घ्यावे. त्यात 400 मिलिलिटर आंबटसर दाट ताक आणि 80 ग्रॅम पातळ केलेले साजूक तूप घालावे. पाककृतींत सहसा लोणी सांगतात, परंतु विकतच्या बटरमध्ये सुमारे 80 टक्के स्निग्धांश आणि उरलेल्यात मुख्यतः पाणीच असते. साजूक तुपात ते जवळपास नसते, त्यामुळे मला तूपच अधिक पसंत आहे. ताक मात्र फ्रिजमधून काढल्या काढल्या घालू नये, नाहीतर तुपाचे थिजून कण होतात. लहानसहान गुठळ्या राहिल्या तरी चालतील. पीठ फेटत बसल्यास वॉफल चिवट होतो. साखर वाढवल्यास तो आत शिजण्याआधीच बाहेरून करपतो आणि चिकटतोही.

तयार वॉफल ताटात एकावर एक रचले, तर आतली वाफ त्यांनाच मऊ करते. ते जाळीवर सुटे ठेवावेत. मुंबईच्या जुलैतल्या दमट हवेत जाळीही फार वेळ साथ देत नाही; तेव्हा 100 अंशांवर तापवलेल्या ओव्हनमध्ये ती जाळी ठेवावी, किंवा सरळ घरच्यांना आधी पानावर बसवून एकेक गरम वॉफल वाढावा, हे उत्तम.

शाळेच्या दिवसासाठी हे पीठ रात्री कालवून ठेवू नये, कारण ताकाशी गाठ पडताच सोड्याचे काम सुरू होते आणि सकाळपर्यंत त्याचा जोर ओसरतो. त्यापेक्षा रविवारी चार वॉफल जास्त करावेत, ते किंचित फिकट असतानाच काढावेत, पूर्ण गार झाल्यावर पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि सकाळी तसेच गोठलेले टोस्टरमध्ये घालावेत. डब्यात मात्र कोणताही वॉफल कुरकुरीत राहत नाही. तिथे घावन द्यावे. ते मऊच चांगले लागते.