डायहेड्रल ८: खरं कुणाचं?

प्रश्न: मी ग्रुप थिअरीत पीएच.डी. करतोय. विकतचं सॉफ्टवेअर आमच्या विभागाला परवडत नाही, म्हणून गॅप आणि सेज ही गणिताची दोन्ही मोफत सॉफ्टवेअर उतरवून घेतली. ‘डायहेड्रल ग्रुप ८’ मागितला की गॅप पाच कॉन्जुगसी क्लास (एकमेकांसारख्या घटकांचे गट) दाखवतं, सेज सात. कुणाचं खरं? दोन्ही एकत्र वापरणं धोक्याचं आहे का?
— एक संशोधक विद्यार्थी, सांगली

उत्तर: दोघांचंही खरं. डायहेड्रल ग्रुप म्हणजे सुसम बहुकोन फिरवून किंवा पालथा करून पुन्हा जागच्या जागी बसवण्याच्या सगळ्या रीती; प्रत्येक रीत हा एक घटक. गॅपमध्ये ८ म्हणजे ग्रुपमधले घटक आठ, म्हणून तुम्हाला चौरस मिळाला. सेजमध्ये ८ म्हणजे बाजू आठ, म्हणून अष्टकोन आला आणि घटक झाले सोळा.

यात मी स्वतः आपटले आहे. मला षटकोनाचा ग्रुप हवा होता. गॅपला ६ दिले, तर सेंटरमध्ये (म्हणजे कुठल्याही घटकाबरोबर क्रम बदलला तरी फरक न पडणाऱ्या घटकांत) नुसता आयडेंटिटी, काहीच न करणारा घटक! अख्खी दुपार मी प्रोग्रामात चूक शोधत बसले. शेवटी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा षटकोन कापला. तो १८० अंशांत फिरवून मग पालथा करा, नाहीतर आधी पालथा करून मग फिरवा, कोपरे तिथेच येतात. म्हणजे सेंटरमध्ये दोन घटक हवेतच. मी मागवला होता तो त्रिकोणाचा ग्रुप!

एकत्र जरूर वापरा. सेज मुळात त्यासाठीच आहे. विल्यम स्टाइन यांनी २००५मध्ये ते सुरू केलं, ते आधीची चांगली सॉफ्टवेअर पायथनमधून एकत्र चालवायला: ग्रुपसाठी १९८६मध्ये जर्मनीतल्या आखेनला सुरू झालेलं गॅप, बहुपदींसाठी काइझरस्लाउटर्नचं सिंग्युलर, नंबर थिअरीसाठी बोर्डोचं पारी. पण यातच एक मेख आहे. ग्रुपचे बरेचसे प्रश्न सेज आतल्या आत गॅपलाच विचारतं. त्यामुळे दोघांचं उत्तर जुळलं, तरी साक्षीदार बहुधा एकच असतो. पडताळा हवा तर लहान उदाहरण हाताने करा. चौरसासाठी ८ = १+१+२+२+२, झाले पाच क्लास.

एका सॉफ्टवेअरमधून दुसरीकडे ग्रुप नेताना नावाने नेऊ नका, जनरेटर, म्हणजे ज्यांच्यापासून सगळा ग्रुप तयार होतो ते घटक, लिहून न्या: चौरसासाठी (१,२,३,४), म्हणजे कोपरा १ जातो २वर, २ जातो ३वर, ३ जातो ४वर, ४ जातो १वर, आणि (१,३). गुणाकाराची दिशाही बघा. गॅप डावीकडून उजवीकडे जातं, म्हणून (१,२) गुणिले (२,३) म्हणजे तिथे (१,३,२). तुमचं पुस्तक उजवीकडून सुरुवात करत असेल, तर उत्तर येईल (१,२,३).

क्लास मोजून ग्रुप ओळखायला जाऊ नका. क्वाटर्नियन ग्रुपचेही (±१, ±i, ±j, ±k) आठ घटक आणि पाचच क्लास, इतकंच काय, कॅरेक्टर टेबलही (क्लासगणिक आकड्यांचा तक्ता) चौरसासारखंच. गॅपची ‘आयडीग्रुप’ ही आज्ञा मात्र दोघांना वेगळं करते: चौरस [८,३], म्हणजे आठ घटकांच्या ग्रुपांच्या यादीत तिसरा, क्वाटर्नियन [८,४]. गॅपच्या स्मॉलग्रुप्स संग्रहात २००० ऑर्डरपर्यंतचे (ऑर्डर म्हणजे घटकांची संख्या) सगळे ग्रुप आहेत, फक्त १०२४चे नाहीत. ते ४९ अब्जांहून जास्त आहेत, ठेवणार कुठे!

विंडोज असेल तर सेज डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) बसवा. आणि प्रबंधात नुसतं ‘सेजने काढलं’ लिहू नका, आतल्या गॅपचीही आवृत्ती द्या. ती आजच वहीत टिपून ठेवा, व्हायव्हाच्या आदल्या रात्री शोधायला लागू नये.