गिरमिट: सुताराचं आणि मजुराचं

प्रश्न असा आला आहे: ‘गिरमिट म्हणजे लाकडाला भोक पाडायचं हत्यार, एवढंच मला माहीत होतं. गांधीजींच्या लिखाणात गिरमिटिया मजूर भेटले. या दोन्हींचा काही संबंध आहे का? आणि मराठीत लिहिताना त्यांना सरळ करारमजूर म्हटलं तर काय बिघडलं?’

संबंध काही नाही. दोन निराळे इंग्रजी शब्द आपल्या जिभेवर घासून एकसारखे झाले, इतकंच. सुताराचं गिरमिट ‘गिम्लेट’वरून आलं. त्यात म आणि ल यांनी जागा बदलल्या आणि ल चा र झाला. जनरलचा जरनैल झाला, तोच हा वर्णविपर्यय. मजुराचं गिरमिट आलं ‘अ‍ॅग्रीमेंट’वरून. सुरुवातीचा अ गळला, ग्र हे जोडाक्षर फुटून मध्ये इ शिरली (प्लॅटूनची पलटण होताना ‘प्ल’चं ‘पल’ झालं, तशी), आणि शेवटच्या जोडाक्षरातलं अनुनासिक गेलं. पुढचा ‘इया’ हा प्रत्यय हिंदी-भोजपुरीतला. कलकत्त्याचा तो कलकतिया, तसा गिरमिटावर गेलेला तो गिरमिटिया.

व्युत्पत्ती इथे संपते. प्रश्नाचा दुसरा भाग मात्र मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा 1833 मध्ये झाला आणि 1834 मध्ये अमलात आला. गुलाम सुटले, पण युरोपची साखरेची भूक होती तशीच राहिली. उसाच्या मळ्यांना स्वस्त आणि जागेवरून हलू न शकणारी माणसं हवी होती. ती हिंदुस्थानातून न्यायची असं ठरलं. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलास’ नावाचं जहाज मॉरिशसला 36 मजूर घेऊन पोचलं. मग 1838 मध्ये ब्रिटिश गयाना, 1845 मध्ये त्रिनिदाद, 1860 मध्ये दक्षिण आफ्रिकेतला नाताळ प्रांत, 1879 मध्ये फिजी. डचांनी 1873 पासून सुरिनामला नेले, फ्रेंचांनीही आपल्या बेटांवर नेले. सगळे मिळून दहा लाखांहून जास्त. कलकत्ता आणि मद्रास ही मोठी बंदरं, पण मुंबईतूनही जहाजं सुटली. मॉरिशसमध्ये आजही मराठी कुळं आहेत, ती त्यातूनच.

या माणसांनी नुसता एक शब्द मोडून घेतला नाही, सगळा नकाशाच आपल्या उच्चारात बसवला. मॉरिशस झालं मिरिच, ब्रिटिश गयानातलं डेमेरारा झालं डमरा, त्रिनिदादचं चिनीदाद, आणि सुरिनामचं श्रीराम! एकदा बोटीत बसल्यावर जात मागे पडली आणि एकाच जहाजातून आलेले एकमेकांचे ‘जहाजी भाई’ झाले. हे नातं पुढे रक्ताच्या नात्याइतकं पाळलं गेलं. फिजीत मुकादमी करणाऱ्या गोऱ्या साहेबाला ‘कुलंबर’ म्हणत, कारण हजेरी घेताना तो ‘कॉल नंबर’ असं ओरडे. माणसाला नाव असताना आकड्याने हाक मारणाऱ्याचंच नाव त्या हाकेवरून पडलं. मला हा शब्द वाचताना दर वेळी थांबायला होतं.

आता ‘करारमजूर’कडे येऊ. ‘अ‍ॅग्री’च्या मुळाशी लॅटिनमधला ‘मनाला रुचणं’ हा अर्थ आहे. करार हा अरबी शब्द, त्याच्या मुळाशी स्थिरावणं, ठरून पक्कं होणं. दोन्हींत दोन बाजू आहेत आणि दोघांची मान्यता आहे. गिरमिटात ती कितपत होती? फिजीचं उदाहरण घ्या. मुदत पाच वर्षांची. दिवसाचं नेमून दिलेलं काम पुरं केलं तर पुरुषाला एक शिलिंग, बाईला नऊ पेनी. काम अपुरं राहिलं किंवा मजूर गैरहजर राहिला, तर मालक त्याला फौजदारी कोर्टात उभा करू शके आणि दंड किंवा कैद होई. परतीचं भाडं फुकट मिळायचं ते दहा वर्षं तिथे काढल्यावर. मॉरिशसमध्ये एक दिवस चुकला तर दोन दिवसांची मजुरी कापत, त्याला ‘डबल कट’ म्हणत. करार मोडला तर दावा दिवाणी होतो, गिरमिट मोडलं तर तुरुंग, हा फरक मला निर्णायक वाटतो.

मजुरांनी हा फरक शब्दातच नोंदवून ठेवला. त्यांच्या बोलण्यात गिरमिट हा कागद उरला नाही, ती मुदत झाली. गिरमिट ‘काटायचं’ असतं, हिंदीत शिक्षा ‘काटतात’, म्हणजे भोगतात, तसं. म्हणजे संमती सांगणारा शब्द मळ्यावर गेला आणि सक्तीचा वाचक होऊन राहिला. ‘करारमजूर’ लिहिलं की हा सगळा प्रवास पुसला जातो आणि मालकाच्या दप्तरातला अर्थ परत येतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: गिरमिटियाच लिहावं. पहिल्यांदा येईल तिथे ‘मुदतीने बांधलेला मजूर’ अशी फोड द्यावी आणि पुढे जावं.

गोखल्यांनी 1912 मध्ये केंद्रीय कायदेमंडळात ही पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला, तो फेटाळला गेला. भरती 1917 मध्ये थांबली आणि फिजीतली उरलेली गिरमिटं 1 जानेवारी 1920 रोजी रद्द झाली.

आज आखाती देशांत जाणाऱ्या कामगारांना काही लेखक ‘नवे गिरमिटिया’ म्हणतात. उपमा म्हणून मला ती पटते. कफाला पद्धतीत कामगाराचा राहण्याचा परवाना एका मालकाशी, म्हणजे कफीलाशी, जोडलेला असतो. कफील म्हणजे जामीनदार. मालकाला सोडून गेलं की माणूस बेकायदा ठरू शकतो. पूर्वी गावोगाव फिरून भरती करणारा अरकाटी होता, आता एजंट आहे. पण कॉल सेंटरमध्ये किंवा सॉफ्टवेअर कंपनीत कंत्राटावर असलेल्यांनाही हल्ली सरसकट हा शब्द लावतात, तो लावू नये. नोकरी सोडली म्हणून त्यांना कोणी कैदेत टाकत नाही.

व्याकरणाचं एक राहिलं. दोन्ही अर्थी गिरमिट नपुंसकलिंगी चालवावं: ते गिरमिट, ती गिरमिटं, गिरमिटावर गेला. ‘गिरमिटिया’ एकवचनात आणि अनेकवचनात तसाच ठेवावा. गिरमिटिया गेला, गिरमिटिया गेले.