‘पॅडी’ म्हणजे तो भात की ते भात?

कोपरखैरण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलाच्या इंग्रजी धड्यात ‘पॅडी फील्ड’ आलं. त्यांनी वहीत ‘तांदळाचं शेत’ लिहून दिलं. शेजारच्या आगरी काकूंनी ते वाचलं आणि हसून म्हणाल्या, ‘शेतात तांदूळ नाही गं पिकत, भात पिकतं.’ आता ताईंना दोन शंका आहेत. पॅडीला नेमकं काय म्हणायचं? आणि ‘भात पिकतं’ हे बरोबर की ‘भात पिकतो’?

काकू दोन्ही बाबतींत बरोबर आहेत. दुसऱ्या शंकेत पहिलीचं उत्तर आहे, म्हणून आधी तीच घेऊ.

कोकणात आणि आपल्या ठाणे जिल्ह्यात भात दोन आहेत. ताटात वाढतात तो भात, शेतात डोलतं ते भात. भात शिजला, भात करपला, भात मोकळा झाला. पण भात लावलं, भात पोसवलं, भात कापलं, भात झोडलं. ‘भात सांडला’ म्हटलं की कोणाच्या तरी हातून ताट कलंडलं. ‘भात सांडलं’ म्हटलं की खळ्यावर पोतं फाटलं. शब्द एकच, लिंग बदललं की वस्तू बदलते. मुरबाड-शहापूरकडच्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवावं लागत नाही. शहरात वाढलेल्या आपल्यासारख्यांना मात्र फक्त ताटातला भात माहीत, त्यामुळे शेतातलं भात कानाला चुकीचं वाटतं.

आता पॅडी. इंग्रजीत शेतातलं, पोत्यातलं आणि ताटातलं, सगळंच ‘राइस’. त्यांच्याकडे हे पीकच नव्हतं, तर वेगळे शब्द कुठून येणार? पूर्वेकडे व्यापाराला आल्यावर मात्र तूस न काढलेला माल आणि तूस काढलेला माल यांत फरक करणं भाग पडलं, कारण दोन्हींचा भाव वेगळा. तेव्हा त्यांनी मलय भाषेतला ‘पादी’ उचलला आणि त्याचा पॅडी झाला. मलयमध्ये तीन टप्प्यांना तीन स्वतंत्र शब्द आहेत: उभं पीक किंवा तुसासकट दाणा म्हणजे पादी, भरडून निघालेला तांदूळ म्हणजे ‘बरास’ आणि शिजवलेला भात म्हणजे ‘नासी’. ‘नासी गोरेंग’ हॉटेलात खाल्लं असेल, त्यातला नासी हाच.

यात मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी की आपलं भातही इंग्रजीत जाऊन आलं आहे. मुंबईच्या जुन्या इंग्रजी कागदपत्रांत भातशेतीच्या जमिनीला ‘बॅटी ग्राउंड’ म्हटलेलं सापडतं. हे बॅटी म्हणजे आपलं भात, कानडीतलं ‘भत्त’. पुढे पॅडी टिकला आणि बॅटी विस्मरणात गेला.

मूळ शब्द संस्कृत ‘भक्त’, म्हणजे वाटा, अन्न, शिजवलेला भात. म्हणजे शब्दाचा प्रवास ताटाकडून शेताकडे झालेला दिसतो. देशावर ही पंचाईतच नाही, तिथे शेतात ‘साळ’ असते (संस्कृत शालि, साळीच्या लाह्या आठवा). विदर्भात ‘धान’. सरकारी कागदांवरही बहुधा धानच दिसतं.

हा फरक निव्वळ कीस काढणं नव्हे. २०२५-२६च्या खरीप हंगामासाठी केंद्राचा हमीभाव साधारण प्रतीला क्विंटलमागे २३६९ रुपये आणि ‘अ’ प्रतीला २३८९ रुपये आहे, तो पॅडीचा. बातमीत त्याचं भाषांतर ‘तांदळाचा हमीभाव’ असं होतं आणि वाचकाला वाटतं, शेतकऱ्याला तांदळाचे किलोला जवळपास पावणेचोवीस रुपये मिळतात. प्रत्यक्षात एक क्विंटल भात गिरणीत घातलं की सरकारी हिशोबाने ६७ किलो तांदूळ धरतात. बाकीचं तूस आणि कोंडा. म्हणूनच आपल्याकडे ‘भातगिरणी’ म्हणतात. इंग्रजीत मात्र तीच राइस मिल. आत काय जातं ते आपण सांगतो, बाहेर काय येतं ते ते सांगतात!

एक अडचण मान्य करायला हवी. विभक्ती लागली की लिंगाची खूण पुसली जाते. ‘भाताला पाणी कमी पडलं’ हे स्वयंपाकघरातलं वाक्य की बांधावरचं, संदर्भावाचून कळत नाही. म्हणून तिथे भातपीक, भातशेती असे जोडशब्द वापरावेत. उगाच नवा शब्द घडवायची गरज नाही.

आणखी एक घोळ: इंग्रजीत, विशेषतः अमेरिकेत, ‘पॅडी’ म्हणजे पीक नव्हे तर ते शेतच, बांध घालून पाणी अडवलेलं. त्याला आपला शब्द आहे ‘खाचर’. नवी मुंबईतल्या कितीतरी सोसायट्या अशा खाचरांवर आणि मिठागरांवर उभ्या आहेत. नवी मुंबई वसवणारी सिडको आली १९७० साली, त्यामुळे गावठाणातल्या साठी-सत्तरीच्या माणसांना राब (रोपांसाठी भाजलेली जमीन), आवणी (रोपांची लावणी), पेंढा हे शब्द अजून तोंडपाठ असतात. वाक्यात ‘इन द पॅडी’ असेल तर खाचरात, ‘सॅक्स ऑफ पॅडी’ असेल तर भाताची पोती. इतकं पाहिलं की पुरे.

जाता जाता: आयरिश माणसाला पॅडी म्हणतात तो पॅट्रिक नावाचा लाडका अवतार (अनेकांना तो अपमानास्पद वाटतो, जपून), आणि घोड्यांचं ‘पॅडॉक’ हाही वेगळाच शब्द. भाताचा दोघांशी काही संबंध नाही.

तेव्हा ताई, वहीत ‘भातशेत’ लिहा, आणि चित्रात गुडघाभर पाणी दिसत असेल तर ‘भातखाचर’. बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली तर वही घेऊन शेजारच्या काकूंनाच शाळेत पाठवा.