वाचकांचे प्रश्न : वाळूचं वय, मंगोची हाडं आणि ऑस्ट्रेलियातला पहिला माणूस

प्रश्न : ऑस्ट्रेलियात माणूस ६५,००० वर्षांपूर्वी पोचला असं वाचलं. पण कार्बन डेटिंग तर ५०,००० वर्षांच्या पलीकडे चालत नाही ना? मग हा आकडा आला कुठून?

बरोबर पकडलंत. तेवढ्या काळात कार्बन-१४ इतका कमी उरतो की नमुन्यात कुठून जरासा नवा कार्बन शिरला तरी तारीख पार चुकते. ६५,००० चा आकडा आलाय मॅडजेडबेबे या शैलाश्रयातून, म्हणजे खडकाच्या आडोशाच्या जागेतून, उत्तर ऑस्ट्रेलियात काकाडू नॅशनल पार्कच्या परिसरात, मिरार या तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनीवर आहे तो. आणि तिथे वय काढलंय ते हाडांचं नाही, कोळशाचंही नाही, चक्क वाळूचं!

म्हणजे असं की क्वार्ट्झचा कण मातीखाली गाडला गेला की आजूबाजूच्या मातीतलं किरणोत्सर्जन त्याच्यात थोडी थोडी ऊर्जा भरत राहतं, बॅटरी हळूहळू चार्ज व्हावी तशी, आणि उन्हात आला की ती सगळी निघून जाते. म्हणून नमुना अंधारात, उजेड लागू न देता काढायचा, लॅबमध्ये त्याच्यावर ठराविक प्रकाश सोडायचा, कण किती चमकतो ते मोजायचं, त्यावरून आत साठलेला डोस निघतो आणि तिथल्या मातीत वर्षाला किती डोस मिळतो त्याने भागलं की त्या कणाने शेवटचं ऊन कधी पाहिलं ते कळतं. मॅडजेडबेबेचं हे काम वोलोंगाँग युनिव्हर्सिटीत झेनोबिया जेकब्स यांनी केलं, एकेक कण वेगळा मोजून. उत्खनन पुरातत्त्वज्ञ ख्रिस क्लार्कसन यांच्या टीमचं, २०१२ आणि २०१५ मध्ये, निष्कर्ष छापून आले २०१७ ला. सगळ्यात खालच्या भरगच्च थरात धार घासून केलेल्या दगडी कुऱ्हाडी, वाटायचे दगड, गेरू असं बरंच काही सापडलं.

पण वाद संपलेला नाही हेही सांगायला हवं. वाळूचं वय बरोबर असेलही, पण अवजारं त्याच वाळूबरोबर गाडली गेली कशावरून, वाळवीने माती खालीवर केली आणि दगड खाली सरकले असं का नसेल, असं काही जण विचारतात. दुसरा आक्षेप डीएनएचा. अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ लोकांमध्येही निअँडरथल या लोप पावलेल्या मानवाचा थोडा अंश आहे आणि ऑस्ट्रेलियाबाहेर झालेली ती सरमिसळ साधारण ५०,००० वर्षांपूर्वीच्या आसपासची धरतात, मग त्यांचे पूर्वज त्याआधीच ऑस्ट्रेलियात कसे असतील? मला हा दुसरा आक्षेप जास्त वजनदार वाटतो. ५०,००० च्या जवळपास माणूस तिथे होता याला मात्र बाकी साइट्सचाही चांगला आधार आहे, फ्लिंडर्स रेंजेसमधलं वॅराटी ४९,००० वर्षांपर्यंत जातं, आणि तो समुद्र पार करूनच आलेला असणार, कारण पाण्याची पातळी कितीही खाली गेली तरी आशिया आणि ऑस्ट्रेलिया जमिनीने कधीच जोडलेले नव्हते.

प्रश्न : ४,००० वर्षांपूर्वी भारतातून लोक तिकडे गेले आणि डिंगो कुत्रे त्यांनीच नेले, हे खरं का?

२०१३ च्या एका जनुकीय अभ्यासात तसं म्हटलं होतं, तेव्हा आपल्याकडे बातमीही गाजली. पण २०१६ मध्ये अ‍ॅबोरिजिनल पुरुषांच्या वाय क्रोमोसोमचा (बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या डीएनएचा) अभ्यास झाला त्यात असा काही पुरावा मिळाला नाही, दोन्हीकडच्या वंशरेषा ५०,००० वर्षांपूर्वीच वेगळ्या झालेल्या दिसल्या. डिंगोचं जवळचं नातं पूर्व आणि आग्नेय आशियातल्या कुत्र्यांशी आहे. तेव्हा हा दावा सध्या तरी बाजूला ठेवावा.

प्रश्न : ऑस्ट्रेलियात सापडलेला ४०,००० वर्षांपूर्वीचा सांगाडा, मंगो मॅन, २०२२ मध्ये परत पुरून टाकला. पुढे अजून चांगलं तंत्र आलं असतं, विज्ञानाचं हे नुकसान नाही का?

काही अंशी आहे, नाकारत नाही. पण ती हाडं संशोधकांकडे गेली कशी तेही बघा. न्यू साउथ वेल्समधल्या कोरड्या लेक मंगोच्या काठावर १९६८ मध्ये जिम बाउलर या भूवैज्ञानिकाला मंगो लेडीची जळकी हाडं दिसली, दहनविधीचा जगातला सगळ्यात जुन्यांपैकी एक पुरावा आहे तो. १९७४ मध्ये त्यांनाच मंगो मॅन सापडला, अंगावर गेरू टाकून पुरलेला. दोघांनाही कॅनबेराला नेलं आणि लेक मंगोच्या मूळ लोकांना, म्हणजे मुत्थी मुत्थी, न्गियाम्पा आणि पाकांत्यी समाजांना कोणी विचारलंसुद्धा नाही. लेडी परत आली १९९२ ला, मॅन थेट २०१७ ला! चाळीसेक वर्षं हाडं संशोधकांच्या हाताशी होती. पुरण्यावरून त्या समाजांतही मतभेद होते, काहींचा विरोधच होता, पण हा वाद त्यांचा आहे, आजोबा त्यांचे आहेत.

नुकसान बघायचं तर जूकन गॉर्जचं बघा. पश्चिम ऑस्ट्रेलियात पिलबरा भागातला शैलाश्रय, ४६,००० वर्षांचा वावर, तिथे सापडलेल्या ४,००० वर्षं जुन्या केसांच्या वेणीतला डीएनए आजच्या तिथल्या लोकांशी जुळतो, आणि मे २०२० मध्ये रिओ टिंटो या खाण कंपनीने लोहखनिजासाठी तो सुरुंग लावून उडवला, तेही कायदेशीर परवानगी हातात घेऊन. तिथे जे गेलं ते कुठल्याच तंत्राने परत येणार नाही, आणि याचा मला फार राग येतो.

लोकांना सोबत घेतलं की विज्ञान अडतं असंही नाही. विलांड्रा तलावांच्या भागात साधारण २०,००० वर्षांपूर्वीचे पायांचे ठसे सापडले तेव्हा ते वाचायला मध्य ऑस्ट्रेलियातले पिंटुपी माग काढणारे आले, आणि एका ठिकाणी फक्त उजव्याच पायाचे ठसे आहेत, म्हणजे हा एका पायावर चालणारा माणूस होता, हे त्यांनी ओळखलं. मॅडजेडबेबेचं खोदकामसुद्धा मिरार लोकांशी लेखी करार करूनच झालं, वाटेल तेव्हा काम थांबवायचा अधिकार त्यांच्याकडे होता.