वाईत चाक बसवण्याआधी
तुम्ही दोघं मातीची भांडी आणि चित्रं एकत्रच सुरू करताय, तर वर्षाची आखणी पावसावरून करा. पावसाळ्यात भांडं वरून कोरडं वाटतं, पण जाड तळात ओल राहते. भट्टीत त्या ओलीची वाफ झाली की तळ फुटून निघतो. म्हणून पावसात चित्रं, दिवाळीनंतर भट्टी.

काळी माती जवळपास सहज मिळेल, पण नुसती वापरू नका, ती वाळताना फार आकसते. भिजवून पातळ करा आणि बारीक चाळणीतून गाळा. हे काम कंटाळवाणं आहे, तरी टाळू नकाच: चुनखडीचा खडा राहिला तर भाजल्यावर तो हवेतली ओल पिऊन फुगतो आणि चांगल्या भांड्याचा टवका उडवतो, कधी कधी काही आठवड्यांनी. मग ओल्या मातीची पट्टी करून तिच्यावर १०० मिलिमीटर अंतरावर दोन खुणा करा. वाळल्यावर अंतर ९० च्या खाली आलं, तर भाजलेल्या मातीचा चुरा पाचवा हिस्सा मिसळून पुन्हा मोजा.

भट्टी १२० अंशांपर्यंत अगदी सावकाश चढवा. ५७३ अंशांजवळ मातीतला क्वार्ट्झ (गारेचं खनिज) एकदम फुगतो आणि निवताना तिथेच आकसतो, तेव्हा दोन्ही वेळा घाई नको. १०० अंशांखाली आल्याशिवाय दार उघडू नका.

सप्टेंबरात कासच्या फुलांच्या पठारावर चित्रं काढायला जाल तेव्हा ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा जाड कागद न्या. पातळ कागद दमट हवेत लाटा धरतो. बैठक वाटेवरच मांडा, फुलांत नको.